रांजण आणि शिलालेख : नाणेघाटाच्या दंतकथेची चिकित्सा

१. प्रस्तावना

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे हे गाव लागते. तेथून पुढे वैशाखऱ्याच्या परिसरात आले की सह्याद्रीच्या सलग भिंतीत एक खिंड दृष्टीस पडते. तिच्या शेजारी अंगठ्यासारखा वर आलेला कडा आहे. कड्याला 'नानाचा अंगठा' म्हणतात आणि खिंडीला नाणेघाट. घाटाची पायथ्याची बाजू मुरबाड तालुक्यात येते; माथ्यावर पोहोचले की घाटघर हे जुन्नर तालुक्यातील गाव आहे. कल्याण-सोपारा या बंदरांना जुन्नर आणि पुढे प्रतिष्ठान म्हणजे पैठण यांच्याशी जोडणारी ही प्राचीन वाट होय. माथ्याजवळ खडकात कोरलेले एक दालन आहे आणि घाट संपतो तेथे एक भला मोठा दगडी रांजण आहे.

या रांजणाविषयीची कथा टोकावडे परिसरात लहानथोरांना ठाऊक आहे. सातवाहनांच्या काळी घाटातून जाणाऱ्या मालावर जकात घेतली जाई, जकातीची नाणी या रांजणात टाकली जात, म्हणून घाटाला 'नाणेघाट' असे नाव पडले, आणि वरचे कोरीव दालन म्हणजे जकात वसूल करणाऱ्यांची चौकी, अशी ही कथा आहे. पर्यटन-पुस्तिकांतून, गिर्यारोहणविषयक लेखनातून आणि अभ्यास सहलींच्या अहवालांतून ती आता इतिहास म्हणूनच सांगितली जाते.

प्रस्तुत निबंधात या कथेची संहिता म्हणून चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी तिच्याशेजारीच असलेली दुसरी संहिता, म्हणजे त्या दालनाच्या भिंतींवरील ब्राह्मी शिलालेख, ताडून पाहणे क्रमप्राप्त आहे. दंतकथा खोटी ठरविणे एवढाच हेतू येथे नाही. दंतकथेने काय झाकले आणि शिलालेखाने काय झाकले, हे दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय स्थानिक इतिहासाची समीक्षा पूर्ण होत नाही, अशी या लेखामागील भूमिका आहे.

२. दंतकथेची घडण

कोणतीही स्थलकथा तीन आधारांवर उभी राहते : डोळ्यांना दिसणारी एक वस्तू, कानाला ओळखीचा वाटणारा एक शब्द आणि त्या दोहोंना जोडणारा एक व्यवहार. नाणेघाटाच्या कथेत वस्तू आहे रांजण, शब्द आहे 'नाणे' आणि व्यवहार आहे जकात. तिन्ही गोष्टी एकमेकींना इतक्या चपखल बसतात की ऐकणाऱ्याला शंका येत नाही. व्यापारी मार्ग तर निर्विवाद आहे. मार्ग म्हटला की नाका आला, नाका म्हटला की पैसा आला आणि पैसा ठेवायला रांजण समोर आहेच.

परंतु हा चपखलपणाच चिकित्सकाला थांबविणारा आहे. तिन्ही आधार वेगवेगळे तपासले असता ते एकमेकांना आधार देतात, बाहेरच्या पुराव्याला मात्र टेकत नाहीत, असे दिसते. रांजणाला जकातीचे भांडे ठरविणारा पुरावा 'नाणे' हा शब्द. 'नाणे' या शब्दाचा अर्थ ठरविणारा पुरावा जकात. आणि जकातीचा पुरावा पुन्हा रांजण. तर्कशास्त्रात ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात, तो दोष येथे स्पष्ट आहे.

त्यातच घाटाच्या परिसरात एक दुसरी नामकथाही नांदते आहे. कड्याचे नाव 'नानाचा अंगठा' आहे आणि इंग्रजी अमदानीतील लेखनात या घाटाचा उल्लेख 'नाना घाट' असा येतो. म्हणजे एकाच स्थळनामात कोणी नाना नावाचा माणूस ऐकला, तर कोणी नाणे ऐकले. एका नावाच्या दोन व्युत्पत्ती शेजारी शेजारी नांदत असतील, तर नावाचा मूळ अर्थ लोकस्मृतीतून पूर्वीच निसटला होता आणि पुढील पिढ्यांनी तो आपापल्या परीने भरून काढला, असे मानावे लागते.

३. शब्दाची साक्ष

'नाणे' हा शब्द संस्कृतातील 'नाणक' या शब्दाशी निगडित आहे. 'नाणक' याज्ञवल्क्यस्मृतीत आणि 'मृच्छकटिक' या प्रकरणात आढळतो. कुषाण राजांच्या नाण्यांवर 'नना' या देवतेचे नाव व प्रतिमा येते. त्यावरून नाणक हा शब्द रूढ झाला, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. हे मत ग्राह्य धरले तर शब्दाचा प्रसार इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकानंतरचा ठरतो. घाटातील मोठा शिलालेख मात्र त्यापूर्वीचा आहे. ब्यूलर यांनी तो इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात ठेवला. दिनेशचंद्र सरकार यांच्यासारख्या पुढील अभ्यासकांनी तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकापर्यंत खाली आणला.

येथे शिलालेखाचीच साक्ष अधिक बोलकी आहे. या लेखात नाण्यांचे उल्लेख आहेत, परंतु तेथे शब्द येतो 'काहापण', म्हणजेच कार्षापण. ज्या काळात घाटावर जकात घेतली जात होती असे कथा सांगते, त्या काळी त्याच घाटातील राजलेख नाण्याला 'नाणे' म्हणत नव्हता. तेव्हा 'नाणेघाट' या नावात सातवाहनकालीन जकातीची स्मृती जपली गेली आहे, हे विधान भाषिकदृष्ट्या टिकत नाही. फार तर एवढेच म्हणता येईल, की नंतरच्या काळातील मराठी भाषकांना या नावात नाणे ऐकू आले.

४. शिलालेखातील जमाखर्च

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा लेख पाश्चात्त्य अभ्यासकांच्या नजरेस आणला आणि १८३७ साली त्याची नक्कल प्रसिद्ध झाली. साइक्स यांनी या दालनाची गणना जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतच केली होती. त्या काळी पश्चिम घाटातील कोरीव लेणे म्हणजे बौद्धांचे, हे समीकरण रूढ असल्याने तसे घडणे स्वाभाविक होते. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी प्रत्यक्ष स्थळी जाऊन केलेले वाचन आणि १८८३ साली गेओर्ग ब्यूलर यांनी 'आर्किऑलॉजिकल सर्वे ऑफ वेस्टर्न इंडिया'च्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केलेली संहिता यांमुळे लेखाचे खरे स्वरूप उघड झाले. तो वैदिक यज्ञांचा आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेचा लेख निघाला.

प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन आहे. संकर्षण-वासुदेवांच्या उपासनेचा दख्खनमधील हा अतिशय प्राचीन पुरावा आहे. त्यानंतर यज्ञांची नावे आणि दानाचे आकडे सुरू होतात. अग्न्याधेयासाठी १२ गाई आणि १ घोडा, अन्वारंभणीय इष्टीसाठी १,७०० गाई आणि १० हत्ती, राजसूय, दोन अश्वमेध, एके ठिकाणी दक्षिणा २४,४०० कार्षापण, तर यज्ञ पाहावयास आलेल्यांना व सेवकवर्गाला, म्हणजे प्रसर्पकांना, ६,००१ कार्षापण, अन्यत्र ११,००० गाई आणि १,००० घोडे. भिंतीचा पृष्ठभाग झिजल्याने बऱ्याच ओळी तुटक झाल्या आहेत, तरी जे उरले आहे तेवढ्यावरूनही लेखाचा सूर कळतो.

जकातीची कथा आणि हा लेख समोरासमोर ठेवले म्हणजे एक विलक्षण विरोध लक्षात येतो. कथा येणाऱ्या पैशाविषयी बोलते. लेख दिलेल्या धनाविषयी बोलतो. कथेत नाणी रांजणात पडतात. लेखात ती खजिन्याबाहेर जातात. लेखात जकातीचा, शुल्काचा वा कर घेणाऱ्या अधिकाऱ्याचा उल्लेख नाही. ज्या दालनाला आपण जकात-नाका म्हणतो, त्याच्या भिंतींवर वसुलीची एकही नोंद नसावी आणि दोन्ही बाजूंच्या भिंती दानाच्या नोंदींनी भरलेल्या असाव्यात, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आकड्यांचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. भारतीय अंकचिन्हांच्या अत्यंत प्राचीन नमुन्यांत या लेखाची गणना होते. शून्य व स्थानमूल्य यांचा येथे अवलंब नाही. १०, १००, १,००० यांना स्वतंत्र चिन्हे आहेत आणि २४,४०० ही संख्या २०,०००, ४,००० व ४०० यांची चिन्हे एकापुढे एक ठेवून लिहिली आहे. भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात या चिन्हांचा उलगडा केला. अशा उलगड्याला शब्द व अंक जोडीने येणारी स्थळे साहाय्यक ठरतात, आणि अग्न्याधेयाच्या नोंदीत तसे स्थळ आहे. तेथे गाईंची संख्या 'बारस' अशी अक्षरी आहे आणि लगेच पुढे अंकातही आहे. हे 'बारस' आपल्याला परके वाटत नाही. मराठीतील 'बारा', तिथीची 'बारस' आणि बाळाचे 'बारसे' ही त्याच शब्दाची वंशावळ आहे.

लेखात १,००१, १,१०१, ६,००१ असे वर एक मिळवून पूर्ण केलेले आकडे येतात. आजही मंगलप्रसंगी पाकिटात १०१ किंवा ५०१ रुपये घालताना वरचा रुपया विसरला जात नाही. या दोन प्रथांमध्ये अखंड परंपरा आहे असे सिद्ध करण्यास मधल्या काळातील पुराव्यांची मालिका लागेल. परंतु पूर्ण संख्येवर एक ठेवण्याची वृत्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानलेखात आढळते, हे सत्य कोणत्याही रचलेल्या कथेइतकेच नवलाचे आहे.

५. नाव आणि प्रतिमा

दालनाच्या मागील भिंतीवर एकेकाळी पुरुषप्रमाण प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या आता नष्ट झाल्या आहेत. काही ठिकाणी पावलांच्या खुणा राहिल्या आणि वर नामलेख राहिले. त्यांत राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन ही नावे वाचली गेली आहेत. म्हणजे हे दालन राजकुलाचे प्रतिमागृह होते. मथुरेजवळ माट येथे कुषाणांचे असे देवकुल मिळाले आहे, ते यानंतरचे.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे भासाच्या नावावर असलेल्या 'प्रतिमा' नाटकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेरील प्रतिमागृहात थांबतो. येथे केवळ दिवंगत राजांच्या प्रतिमा असतात, असे त्याला कळते आणि त्या प्रतिमांमध्ये दशरथाला पाहून तो पित्याचा मृत्यू ओळखतो. नाणेघाटाला हा संकेत जसाच्या तसा लागू करता येत नाही. मोठ्या लेखामागे जिचा पुढाकार होता असे मानले जाते, त्या राणीचीही प्रतिमा या रांगेत आहे. स्मृती जपणारी आणि स्मरणात ठेवली जाणारी व्यक्ती येथे एकच असावी.

या राणीचे नाव आपण 'नागनिका' असे घेतो. मोठ्या लेखाच्या झिजलेल्या ओळींतून तिचे नाव स्वच्छ हाती लागत नाही. ते मुख्यतः प्रतिमेवरील नामलेखातून निश्चित केले आहे आणि तेथे रूप आहे 'नायनिका'. दोन स्वरांमधील 'ग' जाऊन 'य' येणे, जसे 'नगर'चे 'नयर', हे प्राकृताच्या नियमाला धरूनच आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जोडनामलेखात राणीचे नाव आधी आणि राजाचे नंतर येते. मोठ्या लेखात ती महारठीची कन्या, दक्षिणापथाच्या स्वामीची पत्नी आणि वेदिसिरी प्रभृती पुत्रांची माता म्हणून येते. ती महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी आणि दीक्षा, व्रत व यज्ञ यांत कुशल होती, असे वर्णन आहे. या विशेषणांवरून पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे.

लेखाची भाषा प्राकृत आहे, हेही नोंदविले पाहिजे. विषय वैदिक, विधी वैदिक, परंतु वाणी लोकभाषेच्या जवळची. 'कथासरित्सागरा'त एक विनोदी कथा आहे : जलक्रीडेत राणी 'मोदकैः' म्हणते, 'मा उदकैः', म्हणजे 'पाणी उडवू नका', हा संधी सातवाहन राजाला उमगत नाही आणि तो मोदक आणवितो. राणी हसते, राजा लज्जित होतो आणि संस्कृत शिकू लागतो. ही कथा अकराव्या शतकातील संस्कृत पंडिताच्या लेखणीतून आली आहे. तिला संस्कृत न येणे हे उणे वाटते. नाणेघाटाचा लेख मात्र सांगतो, की दोन अश्वमेध करणाऱ्या घराण्याला आपला गौरव प्राकृतात कोरण्यात कोणतेही उणे वाटले नव्हते.

६. शालिवाहनाची छाया

नाणेघाटाची कथा एकटी नाही. ती सातवाहनांविषयीच्या एका मोठ्या लोककथेच्या छायेत वाढली आहे. पैठणला कुंभाराच्या घरी वाढलेल्या मुलाने मातीचे हत्ती, घोडे आणि सैनिक घडविले, ते सजीव केले, त्यांच्या बळावर विक्रमादित्याचा पराभव केला आणि आपला शक सुरू केला, ही शालिवाहनाची कथा गुढीपाडव्याला घरोघरी सांगितली जाते. चौदाव्या शतकातील जैन ग्रंथकार जिनप्रभसूरी यांच्या 'विविधतीर्थकल्पा'त प्रतिष्ठानच्या सातवाहनाची अशीच कथा आहे.

इतिहास येथे उपरोधिक आहे. इ. स. ७८ पासून मोजला जाणारा शक हा शकांचा संवत्सर होय. पश्चिम क्षत्रपांनी तो आपल्या लेखांत व नाण्यांवर वापरला. सातवाहन मात्र प्रत्येक राजाच्या राज्यवर्षाने कालगणना करीत. बदामीच्या पहिल्या पुलकेशीच्या लेखात शकवर्ष ४६५, म्हणजे इ. स. ५४३, असा उल्लेख आहे. तेथे शालिवाहनाचा पत्ता नाही. त्याचे नाव या संवत्सराला जोडले गेले ते मध्ययुगात. उलट गौतमीपुत्र सातकर्णी हा शकांचा वैरी होता. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या साठ्यात नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उमटविला होता. शकांची नाणी ज्याने आपल्या छापाखाली घेतली, त्याच घराण्याच्या नावाखाली पुढे शकांचा संवत्सर आला.

गौतमीपुत्राच्या या पराक्रमाचे सविस्तर वर्णन नाशिकच्या लेण्यातील लेखात आहे. तो लेख त्याची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षात, कोरविला. सातवाहनांचा इतिहास ज्या दोन लेखांवाचून लिहिता येत नाही, ते नाणेघाट व नाशिक येथील दोन्ही लेख अशा रीतीने राजकुलातील स्त्रियांशी निगडित आहेत. पहिल्यात पत्नी आणि माता बोलते, दुसऱ्यात माता आणि आजी. लोककथेत मात्र उरतो तो शालिवाहन हा एकच पुरुष. त्याची आई कुंभाराच्या घराच्या आश्रयाला आलेली एक निनावी स्त्री आहे. नाणेघाटाच्या कथेत तर स्त्री मुळीच नाही. तेथे आहेत फक्त जकातदार आणि व्यापारी.

दंतकथेने केवळ तपशील चुकविला असता तर तो दुरुस्त करून भागले असते. तिने स्मरणाचा विषयच बदलला आहे. राणीने उभारलेले प्रतिमागृह जकात-नाका म्हणून ओळखले जाऊ लागले की त्या राणीला तेथे जागा उरत नाही. अभ्यास सहलीला आलेली मुरबाड-शहापूरकडील विद्यार्थिनी रांजण पाहून परत जाते, आणि जेथे स्त्रीचे नाव राजाच्या आधी कोरले आहे त्या भिंतीसमोर उभी असूनही तिला ते कोणी सांगत नाही. हे नुकसान साधे नव्हे.

७. दंतकथेचा प्रश्न

इतके म्हटल्यावर शिलालेखाला सत्याचे आणि दंतकथेला असत्याचे प्रमाणपत्र देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु तसे करणे समीक्षेला शोभणारे नाही. शिलालेख हीसुद्धा एक रचना आहे. ती राजकुलाने, राजकुलाच्या गौरवासाठी, वाटसरूंच्या नजरेस पडेल अशा मोक्याच्या जागी कोरविली. ११,००० गाई दिल्या असे ती सांगते. त्या गाई कोठून आल्या हे सांगत नाही. २४,४०० कार्षापण दिले असे सांगते. ते खजिन्यात कसे जमा झाले याविषयी मौन पाळते. प्रशस्तीचा हा धर्मच आहे.

जकातीची दंतकथा नेमका तोच प्रश्न विचारते. सत्तेकडे धन आले कोठून? तिचे उत्तर आहे, वाटेवरून चालणाऱ्यांकडून. रांजणाविषयीचा तपशील टिकत नाही, शब्दाची व्युत्पत्ती टिकत नाही, दालनाची ओळख तर सपशेल चुकली आहे. तरीही हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचा रोख बरोबर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, पैठण व तगर म्हणजे तेर यांचे उल्लेख आहेत. कल्याण ही एके काळी राजमान्य पेठ होती आणि पुढे सत्ताबदलामुळे तेथील व्यापारात अडथळे आले, असेही तो ग्रंथ सांगतो. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत धान्याचे व्यापारी, कांस्यकार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींची नावे येतात. यज्ञवेदीभोवती जे धन दिसते, त्याच्या मागे बाजारपेठांचे हे जग होते.

खुद्द नाणेघाटातही या जगाची अल्पशी चाहूल आहे. दालनाच्या आसपास खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. येथील लहान लेखांपैकी एकात सोपाऱ्याच्या गोविंददासाच्या दानाची नोंद आहे. दुसरा वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी याच्या १३ व्या राज्यवर्षातील आहे. राजघराण्याने गाई-हत्तींची गणती कोरली त्याच घाटात सोपाऱ्याच्या एका रहिवाशानेही आपल्या ऐपतीप्रमाणे दान दिले आणि एका लहान लेखात आपले नाव ठेवले. घाट चढून आलेल्या माणसाला आणि बैलाला पहिली गरज पाण्याची असते, हे वैशाखऱ्याहून चैत्र-वैशाखात वर गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या दृष्टीने पाहिले तर घाटमाथ्यावरील दगडी रांजणात नाण्यांऐवजी पाणी असणे अधिक स्वाभाविक वाटते. हे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते मांडले आहे. परंतु जकातीच्या अनुमानाहून ते परिसराशी अधिक सुसंगत आहे.

आणि तरीही दोन्ही संहितांबाहेर काही माणसे राहतातच. ज्यांच्या पाठीवरून, डोक्यावरून आणि बैलांवरून माल चढला, ज्यांनी पायऱ्या खोदल्या, ज्यांनी छिन्नीने ही अक्षरे उमटविली, त्यांची नावे शिलालेखात नाहीत आणि दंतकथेतही नाहीत. आज घाटाच्या पायथ्याला ठाकर, महादेव कोळी, कातकरी या समाजांची वस्ती आहे. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून रेल्वे गेल्यावर जुन्या घाटवाटांचे व्यापारी महत्त्व ओसरले. वाहतूक दुसरीकडे वळली, लोक येथेच राहिले. नाणेघाट त्यांच्या नित्य वापरातील वाट राहिला. त्यांच्या तोंडी असलेली स्थलनामे, वाटांची माहिती आणि पाण्याच्या जागांचे ज्ञान ही या घाटाची तिसरी संहिता आहे, आणि ती अद्याप कोणत्याही भिंतीवर कोरलेली नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) 'नाणेघाट' या नावावरून सातवाहनकालीन जकात सिद्ध होत नाही. घाटातील राजलेख नाण्याला 'काहापण' म्हणतो आणि त्यात जकातीचा उल्लेख नाही.

(२) ज्याला जकात-नाका म्हटले जाते ते दालन सातवाहन राजकुलाचे प्रतिमागृह आहे. तेथील मोठा लेख यज्ञ व दक्षिणा यांचा असून त्यामागे राणी नागनिकेचा पुढाकार मानला जातो.

(३) शालिवाहनाच्या कथेप्रमाणेच या कथेतही राजकुलातील स्त्रीचे कर्तृत्व पुसले गेले आहे. नाणेघाट व नाशिक येथील लेख एकत्र शिकविल्यास ही त्रुटी सहज भरून निघू शकते.

(४) दंतकथा तथ्य म्हणून अग्राह्य असली, तरी शिलालेखाने न विचारलेला प्रश्न तिने विचारला आहे. म्हणून ती अभ्यासक्रमातून वगळण्याऐवजी शिलालेखाच्या शेजारी ठेवून शिकविणे इष्ट आहे.

टोकावड्यासारख्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या महाविद्यालयांवर या संदर्भात एक विशेष जबाबदारी येते. नाणेघाटाला हल्ली पावसाळ्यात गर्दी होते ती वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहण्यासाठी. गर्दी कड्याकडे जाते, रांजणापाशी छायाचित्र काढते आणि परतते. शिलालेख मात्र दरवर्षीच्या पावसाने आणि हाताळण्याने झिजत आहे. इतिहास, मराठी आणि भूगोल या तीन विभागांनी मिळून घाटातील लेखांचे वाचन विद्यार्थ्यांकडून करवून घेतले आणि त्याच विद्यार्थ्यांनी आपल्या पाड्यांतील वृद्धांकडून वाटांची, पाण्याच्या जागांची व कड्यांची नावे टिपून आणली, तर या घाटाच्या तिन्ही संहिता प्रथमच एका ठिकाणी येतील. ब्राह्मी अक्षरे झिजली तरी त्यांचे ठसे व प्रती ग्रंथालयात सापडतील. वृद्धांच्या तोंडची नावे त्यांच्यामागे कोठेही सापडणार नाहीत. त्यामुळे कामाला आरंभ त्या नावांपासून करणे उचित ठरेल.